गौरम्माचं उतरलेलं वजन

मी दवाखान्यातला वजनकाटा बोलतोय. सोलापुरात, बाळीवेशीजवळ गुरुलिंग डॉक्टरांच्या दाराशी माझी जागा. माणसं माझ्यावर चढताना चपला काढतात, काहीजण श्वासही रोखून धरतात. जणू त्यानं मी फसणार आहे!

गौरम्मा पहिल्यांदा आल्या त्या शहात्तर साली. भुसार दुकानदार ईरप्पांची बायको. गुडघे धरलेले, पण हसणं खळखळून. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. महिन्यानं परत आल्या, तर माझी सुई तिथंच.

“रोज सिद्धेश्वराच्या तळ्याला फेरी मारते की हो! मग उतरंना का?”

“फिरून आल्यावर काय खाता?”

“भूक लागती की. शेंगापोळी, वर तूप.”

डॉक्टर हसले. “चालून जळतं थोडंच, गौरम्मा. एका पोळीत ते सगळं भरून येतं. चाललात म्हणून जादा खाऊ नका. अंगाला लागतं त्याहून जरा कमी खा आणि चालत राहा. सावकाश उतरेल.”

त्यांनी मनावर घेतलं. सुई जराजरा मागं सरकू लागली. मग एकदम भराभर. “लग्नातली चोळी बसली बघा!” म्हणत त्या आल्या, तेव्हा ईरप्पा कौतुकानं बघत होते. मलाही आनंद झाला. डॉक्टरांनी मात्र माझी सुई पुन्हा एकदा वाचली.

“खाणं अजून कमी केलं?”

“न्हाई. पोटभर खाते आता, तरी उतरतंय.”

“आणि चालणं?”

“दमते हो. अर्ध्यातनंच परत फिरते.”

“खाणं वाढलं, चालणं घटलं, तर वजन उतरायला नको. आडवं व्हा, पोट बघू.”

पोटात गाठ होती. मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, पण दुखणं आत पसरलं होतं.

शेवटी आल्या तेव्हा त्यांना उभं राहवेना. औषध ठरवायला वजन तर हवं. ईरप्पांनी त्यांना दोन्ही हातांवर उचललं आणि ते माझ्यावर चढले. मग त्यांना बाकावर निजवून एकटे चढले. डॉक्टरांनी मनातच वजाबाकी केली.

“किती उतरलं?” बाकावरून गौरम्मांनी विचारलं.

ईरप्पा माझ्यावरच उभे राहिले, उतरायचं विसरून. माझी सुई त्यांच्या एकट्याचंच वजन दाखवत राहिली.

त्या आठवड्यात गौरम्मा गेल्या.

आजही वजन कमी दिसलं की माणसं हसत खाली उतरतात. मला आता त्यांच्यासोबत हसता येत नाही. बाबांनो, मी नुसता आकडा दाखवतो. तो का उतरला हे मला ठाऊक नसतं. तेवढं डॉक्टरांना विचारा, आणि वेळेत विचारा.