लेखिका असल्याची थाप

थापा मारायची कालिंदी साठ्येला सवय नव्हती, म्हणूनच मारली ती फार मोठी मारली गेली. एकोणीसशे बाहत्तर साली बँकेने श्रीधरची बदली सांगलीहून कलकत्त्याला केली. बागबाजारातल्या भाड्याच्या घरात सामान लागायच्या आतच शेजारच्या शेफालीदी चौकशीला आल्या. नाव झालं, गाव झालं, मूलबाळ नाही हेही झालं. मग त्यांनी हिंदीत विचारलं, "दिवसभर करता काय?"

"मी लिहिते," कालिंदी म्हणाली.

दुसऱ्या गावात लोकांनी "अरे वा" म्हणून विषय बदलला असता. बागबाजारात तसं होत नाही. दोन दिवसांत बातमी गल्लीभर झाली. जिन्यात दंगा करणाऱ्या पोरांना "बौदी लिहितायत" म्हणून दटावलं जाऊ लागलं. मासळीवाला तिच्या दारावरून जाताना आवाज उतरवू लागला. आणि बौदी, म्हणजे या वहिनी, आत कोऱ्या वहीसमोर बसून नखं खात होत्या.

तशी ती अगदीच खोटं बोलली नव्हती. लिहावंसं तिला पंधरा वर्षं वाटत होतं. कॉलेजच्या हस्तलिखित अंकासाठी तिने एक कथा दिली होती. सरांनी ती भर वर्गात वाचली आणि "अक्षर सुवाच्य आहे" एवढंच म्हणून खाली ठेवली. वर्ग हसला. तेव्हापासून पहिल्या वाक्याच्या पुढे जायचं तिने नाव घेतलं नव्हतं. लोक हसतील ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती घरच्यांची. खरं लिहिलं तर ते काय म्हणतील, आणि खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला? या दोन प्रश्नांच्या मध्ये बसून तिने पंधरा वर्षं बिनबोभाट घालवली.

दुर्गापूजा संपली की गल्लीत विजयादशमीचा मेळावा भरतो. गाणी, कविता, मिठाई. शेफालीदींनी परस्पर कालिंदीचं नाव यादीत घातलं. "मराठीतच वाचा. अर्थ नाही कळला तर नाही, भाषा कानांवर तर पडेल!"

आठ दिवस ती वहीसमोर बसली. नववा उजाडला तरी पान कोरंच. श्रीधर जलपैगुडीला शाखांच्या तपासणीवर गेलेला. मराठी कळणारं तिथे कुणीही असणार नव्हतं. तेव्हा बाईने स्वयंपाकघरातली वही उचलली आणि मांडवात जाऊन, आत्याने सांगितलेली लिंबाच्या लोणच्याची कृती वाचली.

वाचली मात्र झोकात. "पंचवीस लिंबं घ्यावीत," असं खालच्या आवाजात म्हणून ती थांबली. "पुसून... कोरडी करावीत." दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. 'एका लिंबाच्या आठ फोडी'ला तर कालिंदीचा स्वतःचाच गळा दाटून आला, अर्थात भीतीने. टाळ्या थांबेनात. हे कशाबद्दल होतं, असं शेफालीदींनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "वाट पाहण्याबद्दल." शेफालीदींनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

गर्दी पांगल्यावर धोतर-शालीतले एक वृद्ध गृहस्थ पुढे आले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "मीठ किती ते सांगायचं राहिलं, बाई."

धरणीने पोटात घ्यावं असं कालिंदीला झालं. हे चारुदत्त बर्वे. आजोबांच्या वेळेपासूनचे कलकत्त्याचे, शाळामास्तरकी करून निवृत्त झालेले. मराठी लेखिका वाचणार असं ऐकून श्यामबाजारहून मुद्दाम चालत आले होते.

"काका, कुणाला सांगू नका हो."

"सांगतो कशाला? आई गेल्यापासून इतकं मराठी एका बैठकीत ऐकलं नव्हतं. पण आता खरं काहीतरी लिहा. झालं की आणून दाखवा."

घरी येऊन ती खूप रडली. रडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की पंधरा वर्षं ज्याला भ्यायलो ते होऊन गेलं. आपण पकडले गेलो, तेही लोणच्यासकट. तरी उद्या सकाळी दूध घ्यायला उठायचंच होतं. तिने तोंड धुतलं आणि वही उघडली.

तीन महिन्यांत अकरा पानं झाली. एक सून सासू वारल्यावर तिची पेटी उघडते, अशी गोष्ट. कालिंदीच्या सासूबाई दोन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या, त्यामुळे ही सून कोण ते ओळखायला ज्योतिषी नको होता. श्रीधरला तिने पान दाखवलं नाही. बर्वेकाकांनी ओठ हलवत, तीन शब्दांचे अर्थ विचारत, दीड तास घेऊन वाचलं.

"पहिली चार पानं नटवलेली आहेत, ती काढा," ते म्हणाले. "पाचव्यापासून चांगलं आहे. फक्त पेटी उघडल्यावर तिला काय वाटलं, तिथे तुम्ही घाबरलात."

तिथे लिहिलं होतं, 'तिला फार वाईट वाटलं.'

"तसंच वाटतं माणसाला," कालिंदी म्हणाली.

"वाटत असेल. ते तुम्हाला ठाऊक."

तिला राग आला. चार पानं तिने त्याच दिवशी फाडली, ते वाक्य मात्र ठेवलं. श्रीधरचं आईवर फार प्रेम होतं आणि कालिंदीचं श्रीधरवर होतं.

सरस्वतीपूजेच्या दिवशी कलकत्त्यात कुणी लेखणीला हात लावत नाही. वह्या-पेनं देवीच्या पायाशी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उचलायची. संध्याकाळी मांडवात कालिंदीचं वाचन ठरलं होतं, तेव्हा तिनेही आपलं पेन तिथे ठेवलं. श्रीधर या वेळी गावातच होता. "मला कधी काही दाखवत नाहीस, इथे तरी ऐकतो," असं म्हणून तो तिसऱ्या रांगेत जाऊन बसला. बर्वेकाका त्याच्या शेजारी. बाकीच्या चाळीस माणसांना वाक्य काय आणि लोणचं काय, सारखंच.

ती वाचत गेली. आवाज लावला नाही, थांबली नाही. डोळ्यांना पदर लावावा असं या वेळी कुणालाच वाटलं नाही. मागे दोघी कुजबुजू लागल्या. पेटी उघडली, आणि पुढचं वाक्य काही केल्या तिच्या तोंडातून येईना. समोर श्रीधर कौतुकाने हसत होता. तिला त्याची दया आली आणि स्वतःचीही.

तिने वाकून देवीच्या पायाशी ठेवलेलं पेन उचललं. मांडवात एकदम "अगं बाई" छापाचा गलबला झाला, शेफालीदी अर्ध्या उठल्या. कालिंदीने पान गुडघ्यावर धरून दोन शब्द खोडले, वर एक लिहिला, आणि पेन होतं तिथे ठेवलं.

"पेटी उघडली," तिने वाचलं, "आणि तिला सुटल्यासारखं वाटलं."

चाळीस माणसं अजून त्या पेनाकडेच पाहत होती. श्रीधरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो उठून जाईल असं तिला वाटलं. तो उठला नाही. त्याने मान खाली घातली आणि तशीच ठेवली. कालिंदीने ते पाहिलं, पान उलटलं आणि पुढे वाचायला लागली.