आईचं अळणी जेवण

वीजचोरी पकडण्यात माझी तीस वर्षं गेली. माणूस दिसला की त्यानं तारेवर आकडा कुठे टाकलाय, ते मी आधी शोधतो. त्यामुळे त्या दिवशी फोनवर आई मला देवीदास म्हणायचं सोडून वारलेल्या बापाच्या नावानं हाक मारायला लागली, तेव्हा माझा संशय थेट नीलमवर गेला. नीलम माझ्या धाकट्या भावाची बायको. आई भातकुलीला त्यांच्याकडे असते, मी अकोल्याला.

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठच, एकशे दहावर उतरलंय. एकशे पस्तीसच्या वर पाहिजे. भ्रम त्यानंच होतोय, जिवालाही धोका आहे.

"तुमच्या घरी मायले मीठबी भेटत नाही काय?" मी नीलमला विचारलं. ती आईची चादर नीट करू लागली. चोर असाच कामात असल्याचं दाखवतो.

दुपारी आईनं पाणी मागितलं. मी पेला तिच्या तोंडाशी नेला, तर नीलमनं तो काढून घेतला. माझं डोकंच फिरलं. नर्स मध्ये पडली. पाणी मोजूनच द्यायचं, जास्त पाण्यानं मीठ आणखी पातळ होतं. मग सलाईन तरी जोरात सोडा, म्हटलं. तेही नाही. मीठ घाईनं वाढलं तर मेंदूला कायमची इजा होते म्हणे. मला त्यातही काळंबेरं वाटलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "यांचं खाणंपिणं, औषधं कोण ठरवतं?"

"सांग आता," मी नीलमला म्हणालो.

"भाऊजी, तुमीच त सांगता फोनवर," ती हळूच म्हणाली. "बीपी हाय, मीठ बंद. सकाळी दोन तांबे पाणी, दुपारी दोन. गोळीबी तुमीच अकोल्याहून पाठवता. म्या भाजीत चिमूटभर मीठ टाकलं त आई ताट सरकून देत."

गोळीचं पाकीट पाहून डॉक्टरांनी मान हलवली. ती लघवीवाटे पाणी काढते, सोबत मीठही नेते. त्यात अळणी जेवण आणि एवढं पाणी. गोळी त्यांनी बंद केली. कुठे बघावं, मला कळेना.

तिसऱ्या दिवशी सोडियम एकशे सव्वीसवर आलं. आई उठून बसली, पण माणसांची ओळख अजून नीट पटत नव्हती. नीलमनं वरणभाताचा घास भरवला. आईनं तो चाखला आणि घाबरून माझ्याकडे, कोण्या परक्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"याच्यात मीठ हाय वं पोरी," ती नीलमच्या कानाशी पुटपुटली. "देवीदासले सांगू नको. तो रागावते."