तुलनेचे काका

माणसांना त्यांच्या नकळत वळण लावणं हा चिमीचा व्यवसाय होता. लोकांनी कचरा पेटीतच टाकावा, लिफ्ट सोडून जिना चढावा, यासाठी ती प्रयोग आखायची आणि त्याचा तिला पगार मिळायचा. घरात मात्र तिचं कुणी ऐकत नसे.

अशात तिचे वडील आणि बिनलग्नाचे काका, दोघांच्याही गुडघ्याची शस्त्रक्रिया एकाच महिन्यात झाली. रोज चाला, नाहीतर गुडघा आखडेल, असं डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं. दोघांनी माना डोलावल्या आणि टीव्हीसमोर बैठक मारली. सख्खे भाऊ, एकच घर, एकच सोफा, एकच आळस! चिमीच्या तोंडाला पाणी सुटलं.

तिने वडिलांवर उपाय सुरू केले. त्यांच्या चपला पलंगाशी येऊन बसल्या, त्यांचा चहा बागेतल्या बाकावर जाऊ लागला. काकांना मात्र ती चकार शब्द बोलली नाही. तुलनेला एक माणूस कोरा नको का? काकांना चहा सोफ्यावरच मिळत राहिला.

वडील चालू लागले, आधी कुरकुरत, मग शीळ घालत. काका चॅनेल बदलत राहिले. ऑफिसात साहेब म्हणाले, "इतका स्वच्छ फरक मी आजवर पाहिला नाही." चिमी हुरळून गेली.

मग तपासणीच्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी काकांचा पाय वाकवून पाहिला. तो वाकेना.

"आता भूल देऊन मोकळा करावा लागेल," त्या म्हणाल्या. "घरात यांना कुणी उठवलं नाही का?"

चिमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताच ती काकांपुढे बसली आणि रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली.

"अगं, माहीत आहे," काका म्हणाले. "तू साहेबांशी फोनवर बोलत होतीस, ते आम्ही दोघांनीही ऐकलं. तुझा बाप उठायलाच तयार नव्हता. मीच त्याला पिटाळला."

"मग तुम्ही का नाही चाललात?"

"मी चाललो असतो तर तुझी तुलना बोंबलली असती. मधे मधे फार वाटायचं उठावंसं, पण बसलो दाबून."

काकांनी आखडलेला पाय हाताने उचलून स्टुलावर ठेवला.

"निकाल चांगला आला ना, पोरी?"