मागच्या सीटवरचं मडकं

रंगुबाई मागच्या सीटवर बसायला तयार झाली असती, तर पुंजारामाचे तीन फायदे होते. एक, संगमनेरला व्याह्यांच्या दारात मोटारीतून जोडीनं उतरता आलं असतं. दुसरा, सातवा महिना लागलेल्या लेकीला, बनुला, पहिल्या बाळंतपणासाठी एसटीचे धक्के न देता घरी आणता आलं असतं. आणि तिसरा, बायको पुन्हा बोलायला लागली असती. हा तिसरा फायदा त्यानं कुणापाशी काढला नव्हता. पण मनातल्या तराजूत पहिले दोन त्याच्यापुढं चिल्लर होते.

ही एकाहत्तर सालची गोष्ट. पुंजाराम घोडेगावच्या बैलबाजारातला दलाल. रुमाल टाकायचा, त्याखाली हात घालून बोटं दाबायची, विकणाऱ्याचा भाव घेणाऱ्याला कळू द्यायचा नाही, आणि हे सगळं होईपर्यंत तोंडावरची माशी हलू द्यायची नाही, हा त्याचा धंदा. त्या वर्षी त्यानं शेत वाट्यानं दिलं, घरची जोडी विकली, त्यात साठवणीचे चार हजार घातले आणि सावेडीच्या एका वकिलाकडून जुनी डुक्कर फियाट आणली.

जोडी म्हणजे लाख्या आणि पाखऱ्या. नऊ वर्षं त्यांना आंबोण चारलं होतं रंगुबाईनं. विक्रीच्या दिवशी ती कुंकवाचा करंडा घेऊन बाजारापर्यंत गेली. तिच्यासमोर नवऱ्यानं रुमाल टाकला, दोन-तीन बोटं दाबली आणि दावी दुसऱ्याच्या हातात दिली. परक्याची जोडी विकताना जसा चेहरा असायचा, तसाच. ती घरी आली ती गप्पच. तेव्हापासून पुंजारामाला उत्तरं दोनच मिळत. "हं" आणि "न्हाई".

फियाटीत ती एकदाच बसली, नगरला जाऊन यायला. अर्थात मागं. नवऱ्याशेजारी पुढं बसणाऱ्या बायका त्या काळी सिनेमात असत. गाडीत कंपनीनं बसवलेला रेडिओ होता आणि त्याला तळहाताएवढा स्पीकर. उन्हानं त्याचा कागद कडेला फाटला होता. पुढं बसणाऱ्याला डबीत कोंडलेल्या डासाएवढं गाणं ऐकू यायचं, मागं तेवढंही नाही. घरी उतरल्यावर रंगुबाई चार महिन्यांत पहिल्यांदा सलग बोलली.

"म्होरं तुमी आन तुमचं गानं. मागं मी आन पेट्रोलचा वास. छकड्यात निदान घुंगरं तरी वाजत हुती. बनुला आनाया मी एसटीनं जाईन."

दुसरा नवरा खट्टू झाला असता. पुंजाराम मनातून सुखावला. गिऱ्हाईक खोड काढायला लागलं की सौदा जवळ आला, हे त्याला पंचवीस वर्षांच्या दलालीनं शिकवलं होतं. खोड कुठं आहे तेही तिनं सांगून टाकलं होतं. मागं आवाज पाहिजे.

नगरला माळीवाड्यात छगनचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं.

"नवा घ्या. पंचेचाळीस. बसवायचे वीस," छगन म्हणाला.

पुंजारामानं सवयीनं खांद्यावरचा रुमाल काढून पुढं केला.

"इथं रुमाल नका टाकू, दलाल. आमचा भाव उघडा असतो."

"बसवीन माझा मी. आन त्यो कोपऱ्यातला कितीला?"

"तो म्हातारा आहे. घरच्या मोठ्या रेडिओतून काढलेला."

पुंजारामानं तो हातात घेऊन जोखला, उलटा केला, कागद बोटानं हळूच दाबून बघितला.

"दात मोजताय का?"

"वजन बघतोय. मागचं लोखंड जड हाय."

"लोखंड नव्हे, चुंबक आहे ते. पण जड आहे, हे बरोबर ओळखलंत."

सहा वार तारेसकट बारा रुपयांवर तोडपाणी झालं. पैसे मोजून घेतल्यावर छगननं खऱ्या गोष्टी सांगितल्या, जशा दलालही पैसे हातात पडल्यावर बैलाच्या खोडी सांगतो.

"तुमच्या रेडिओत एकाच स्पीकरचा दम आहे. दोन जोडलेत तर दोन्ही कण्हतील. मागं पाहिजे तर पुढचा तोडा."

"म्हंजे मला काय ऐकू येनार?"

"मागून जेवढं येईल तेवढं. आणखी एक. ह्याला पेटी लागते. उघडा ठेवलात तर नुसता चिरकेल. सागवानी पेटी करून देतो, अठरा रुपये."

"बारा रुपयाच्या बैलाला अठराची दावन?"

"मग मडक्यात घाला!" छगन वैतागून म्हणाला.

पुंजाराम हलला नाही. "कसं घालायचं?"

छगनला स्वतःचीच लाज वाटली असावी. त्यानं नीट सांगितलं. मडक्याच्या तोंडावर स्पीकर बसवायचा, बाहेर बघणारा. बुडाला भोक पाडून तार काढायची. कडेनं हवा निसटू द्यायची नाही. "पुष्कळ जण करतात. चांगलं वाजतं. फक्त मडकं बघून घ्या."

पुंजारामानं घरी येऊन चार आण्याच्या नाण्यानं स्क्रू काढले, पुढच्या स्पीकरची तार तोडली आणि नवी तार रबरी पायपुसण्याखालून मागं नेली. इथवर त्याचा हात चालला. मडक्यानं मात्र घोळ घातला. बाजारातून त्यानं पहिलं आणलं ते सगळ्यांत थोरलं. स्पीकर त्यावर नुसता टेकवून रेडिओ लावला, तर बातम्या सांगणारी बाई विहिरीच्या तळातून बोलायला लागली. दुसरं आणलं, तर प्रत्येक शब्दामागं खर्रर्र.

रंगुबाई ओट्यावर बाजरी पाखडत होती. दुसऱ्या मडक्याची खरखर ऐकून तिनं सूप खाली ठेवलं.

"काय वो हे?"

"मडकं."

"त्ये दिसतंय. घेताना वाजवून घेतलं हुतं का?"

"घरी येऊन वाजवतोच हाय की."

तिनं खाली उतरून बोटाचं पेर मडक्यावर मारलं. भद्द आवाज आला. "कच्चं हाय. आच लागली न्हाई. आन त्ये पयलं बैलागत निवडलं, थोरलं बघून. बैलाची पारख हाय तुमास्नी, मडक्याची न्हाई."

ती रिकाम्या गोठ्यात गेली आणि येताना एक मडकं घेऊन आली. कळशीएवढं, रुंद तोंडाचं, बाहेरून काळं पडलेलं. तिनं पेर मारलं. टण्ण.

पुंजारामानं ते ओळखलं. लाख्या-पाखऱ्याचं आंबोण त्यातच भिजायचं.

"नऊ वर्सं पानी धरलं ह्यानं, कुठं चीर न्हाई," ती म्हणाली. "आता रिकामंच पडलंय."

त्यानं हातोडी उचलली तर तिनं ती काढून घेतली. "ठोकायचं न्हाई. फिरवायचं. पानी टाका." मग एकानं मडकं मांडीत धरलं, दुसऱ्यानं बुडावर खिळा फिरवला. दिवस कलेपर्यंत भोक पडलं. स्पीकरच्या कडेला लुगड्याची पट्टी आणि उडदाच्या पिठाची खळ रंगुबाईनं लावली. बायकांना ज्या कामात पुरुषांची कीव येते, त्यातलं ते एक काम होतं. खळ वाळली तेव्हा रेडिओ लावला. बाई आता विहिरीतून बोलत नव्हती. ओट्यावर बसून बोलत होती.

"गाडीत घरंगळंल हे," रंगुबाई म्हणाली. "खाली कायतरी मऊ पाहिजे. डिकीत चिंध्या असतील की."

"थांब, मी देतो," पुंजाराम उठला. पण गुडघे त्याचे धरलेले, आणि डिकी तिच्या जवळ.

स्टेपनीच्या मागं, धुतल्या धोतरात गुंडाळलेली, घडी केलेली झूल होती. लाल, आरशांची. पाखऱ्याची. पोळ्यासाठी तिनंच शिवलेली.

"ही जोडीबरुबर दिली म्हनला हुता न्हवं?"

"पोचारा हाय. गाडी पुसाया."

रंगुबाईनं झूल उलटी केली, सुलटी केली. "एक डाग न्हाई हिच्यावर."

रुमालाखालचा हात कुणाला दिसत नसतो. पण डिकी उघडी होती, आणि उजेड भरपूर होता. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा पुंजारामाच्या तोंडावरची माशी हलली.

झुलीचं वेटोळं करून तिनं मागच्या सीटवर ठेवलं, त्यात मडकं बसवलं आणि म्हणाली, "संगमनेरला सोमवारी सकाळी निघायचं का?"

सोमवारी राहुरीपर्यंत मडकं गात होतं आणि रंगुबाई त्याच्या गळ्यात हात टाकून बसली होती. पुढं शुकशुकाट. पुंजारामाला डोक्यामागून जे येईल तेच ऐकायचं होतं, आणि तेही तिच्या मर्जीनं. कारण तिनं मडक्याच्या तोंडावर पदराचा बोळा धरला की पुणं केंद्र गप्प. राहुरी सुटली तसा तिनं बोळा धरला.

"जोडी कुठं हाय वो?"

"शेवगावकडं. मानूस चांगला हाय. मी दोनदा जाऊन आलोय."

"मला न्हाई सांगितलं."

"तू इचारलं न्हाईस."

झुलीची कड मडक्याखाली सारत ती म्हणाली, "पाखऱ्या वैरन खातो का तिथं?"

"पयले दोन दिस न्हाई खाल्ली. आता खातो." मग, रस्त्यावरची नजर न काढता, "व्यापारी बावीसशे देत हुता. पन त्यो पुढं कुनाला इकतो, त्ये मला ठाव हाय. म्हून दोन हजारावर शेवगाववाल्याला बोट दाबलं."

रंगुबाईनं बोळा काढला नाही. लोणी आलं तरी मडकं गप्पच होतं आणि गाडीत बोलणं चाललं होतं, जसं छकड्यात चालायचं. दोघं पुढंमागं बसलेली, एकमेकांचं तोंड न बघता.

व्याही आप्पासाहेब अंगणात उभे होते. त्यांनी गाडी चारी बाजूंनी बघितली. रंगुबाईनं बोळा काढला, तसे ते वाकून पुढच्या रेडिओला कान लावायला गेले आणि मागं वळले.

"पुंजारामभाऊ, मडकं गातंय की वो तुमचं!"

"मालक बोलत न्हाई, म्हून मडकं गातंय!" रंगुबाई गाडीतून म्हणाली. अंगणातल्या सगळ्या बायका हसल्या. दोघं जोडीनं उतरली.

परतीला मागची सीट बनुला आडवं व्हायला लागली. मग मडक्याचं काय? तार लांब होती. रंगुबाईनं झूल उचलली, मडकं कडेवर घेतलं आणि सगळ्या व्याह्या-पाव्हण्यांच्या देखत पुढचं दार उघडलं.

"विहीनबाई म्होरं?" आप्पासाहेबांना राहवलं नाही.

"मडकं धराया मानूस नको का?" ती म्हणाली आणि बसली.

म्हणजे ज्या आवाजासाठी कंपनीचा स्पीकर तोडला, तार मागं नेली, दोन मडकी फुकट घालवली, तो आवाज शेवटी त्या तोडलेल्या स्पीकरपासून वीतभर अंतरावर येऊन बसला. त्यानंतर गाडीत कुणी मागं असो नसो, मडक्याची जागा पुढंच राहिली, आणि ते धरणाऱ्या माणसाचीही. आता त्या रस्त्यानं धावणाऱ्या गाड्यांना चारी दारांत स्पीकर असतात. बोळा धरून गप्प करता येईल असा त्यात एकही नाही. पाच वर्षांनी फियाट विकली तेव्हा घेणाऱ्यानं मडकंही मागितलं. रंगुबाई म्हणाली, "त्ये गाडीचं न्हाई, गोठ्याचं हाय."

राहिला हिशेब. स्पीकर आणि तारेचे बारा रुपये पुंजारामानं दिले. फुकट गेलेल्या दोन मडक्यांचा सव्वा रुपयाही त्याचाच. तिसरं मडकं, पट्टी आणि उडदाचं पीठ रंगुबाईचं. बाजारात सोडलेले दोनशे पुंजारामाचे, जे त्यानं रुमालाखाली भरले आणि चार महिने पावती दाखवली नाही; त्या चार महिन्यांचं व्याज दोघांनी मिळून फेडलं. बाकी सगळी रक्कम लाख्या-पाखऱ्यानं भरली, आणि त्यांच्या वाट्याला एकही गाणं आलं नाही.