न विचारलेला होकार

पुण्याच्या साहेबांना 'डी' नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा फार येते, असं साहेबांचं स्वतःचं मत होतं. लोणखेड्यात घरी बसून त्यांच्या कंपनीचं काम करणाऱ्या रुचिकाचं मत निराळं होतं. साहेबांनी एक टेम्प्लेट लिहिलं होतं: कुठलीही यादी द्या, ती आकड्यांची की नावांची हे कंपायलर, म्हणजे कोड तपासणारा प्रोग्रॅम, आपलं आपण ओळखेल. आणि मग या महाशयांनी यादीच्या जागी त्याला नल दिलं, म्हणजे काहीच नाही. कंपायलरने साफ सांगितलं, एवढ्यावरून यादीचा प्रकार ठरवता येत नाही. साहेब उलट कंपायलरलाच मठ्ठ म्हणत बसले.

रविवारी प्रकाशा गावाहून कुंदन आणि त्याच्या घरचे तिला बघायला आले, तेव्हाही तिच्या डोक्यात हाच घोळ चालू होता. चहा पिता पिता कुंदनने फर्मावलं, लग्नानंतर नोकरी कशाला, आमच्याकडे केळीचं उत्पन्न भरपूर आहे. हसावं की चिडावं हे रुचिकाला कळेना, म्हणून ती गप्प राहिली.

तेवढ्यावरून गजराबाई फुईने, म्हणजे तिच्या आत्याने, ओळखलं: पोरगी लाजली, म्हणजे तिला पसंत आहे. तिच्या वडिलांनी, लोटनआप्पांनी, मान डोलावली, आईने साखर वाटली आणि गुरुवारी सुपारी फोडायचं ठरलंसुद्धा. घरातल्या या शहाण्यांची रुचिकाला कीव आली. त्या मठ्ठ कंपायलरला आपल्याला कळलं नाही एवढं तरी कळत होतं. साहेबांच्या कोडमध्ये तिने प्रकार स्वतः लिहून दिला आणि काम एका ओळीत मिटलं. घरात मात्र तोंड उघडायची तिला भीती वाटत होती.

गुरुवारी पाहुण्यांसमोर आप्पांनी सुपारी हातात घेतली, तशी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"आप्पा, माले हाई लगीन करानं नही शे."

फुई हसत पाहुण्यांना म्हणाली, "लाजी ऱ्हायनी ती."

"लाजी नही ऱ्हायनू, फुई. नही म्हनी ऱ्हायनू."

कुंदनचे वडील कप ठेवून उठले. आप्पांनी सुपारी खाली आपटली.

"मंग तव्हय बोलनी का नही?"

"माले इचारं कोनी?"

आप्पांनी फुईकडे पाहिलं, फुईने आईकडे. एवढ्या भरल्या घरात पोरीला कुणीच विचारलं नव्हतं, आणि हे त्यांना आत्ता, पाहुण्यांदेखत कळत होतं.