बर्फातला नमुना

"बर्फात घालून आणलासा? कुणी सांगितलं?" थर्मोकोलचा डबा उघडताच प्रयोगशाळेतल्या शबनूरचा आवाज चढला.

"सांगाय कशाला पायजे? तीस वर्सं दूध संघात नमुनं पोचवलेत. एक बी नासू दिला न्हाय," बाबासो छाती काढून म्हणाले. "दवाखान्यातल्या पोरांला काय कळतंय? बर्फच घातला नव्हता. वाटंत मीच घेतला."

"काका, हे दूध न्हवं. ह्यात जित्या पेशी हायत. गोठल्या की फुटत्यात."

नळीत त्यांच्या सहा वर्षांच्या नातीची, संघमित्राची, कमरेच्या हाडातून काढलेली मज्जा होती. रक्ताच्या कर्करोगावर महिनाभर औषधं झाली होती. सूक्ष्मदर्शकाखाली आता रोग दिसत नव्हता. पण दहा हजारांत एखादी पेशी लपलेली असली, तरी पुढचे उपचार बदलतात. ती शोधणं हे शबनूरचं काम. पेशी मेल्या असतील, तर नमुना बाद.

"मग?"

"मेल्या असत्याल तर परत काढायला लागंल. उद्या."

बाबासोंची छाती खाली बसली. "पोरीला सांगून आलोय, झालं म्हणून."

नळी टॉवेलाच्या चार घड्यांत होती. गार होती, पण गोठलेली नव्हती. शबनूरनं एका थेंबात रंग मिसळला. मेलेली पेशी निळी होते.

"खराब असंल तर खराब म्हणा," बाबासो दारातून म्हणाले. "मी सख्ख्या मेव्हण्याचा कॅन परत पाठवलाय."

शबनूर मोजत राहिली. "शंभरात सत्त्याण्णव जित्या."

"आन् तीन?"

"तेवढ्या मरत्यातच."

"म्हंजे फॅट बरी लागली म्हणा की!"

शबनूरला हसू आवरेना.

बाबासो घरी गेले नाहीत. बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवत राहिले, "पावणं, बर्फ न्हाय न्हवं घातला? इचारून घाला."

आत पेशी तपासणाऱ्या यंत्रात लेझरसमोरून एकेक करत दहा लाख पेशी गेल्या. संध्याकाळी सहाला शबनूरनं अहवाल डॉक्टरांना पाठवला. निकाल सांगायचा तो डॉक्टरांनीच, म्हणून ती बाबासोंकडे न बघता हात धूत राहिली.

बाबासोंचा फोन वाजला.

"रोग सापडला नाही," डॉक्टर म्हणाले. "औषधं मात्र अजून दोन वर्षं."

"देऊया की!" बाबासो ओरडले आणि लगेच दवाखान्यात नातीजवळ असलेल्या सुनेला, शालनला, फोन लावला. उचलला नातीनं.

"आबा, उद्या परत टोचणार?"

"उद्या न्हाय, बाय. उद्या घरला जायाचं."

दिवसभरात त्यांचा एवढा हळू आवाज शबनूरनं ऐकला नव्हता. पलीकडून पोरीनं फोन ठेवला होता. बाबासो तो तसाच कानाला लावून उभे राहिले.