कोणालाही न आवडणारा केक

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, आमच्या गल्लीत वाढदिवसाचे केक मीच करते, आणि कुणाला कुठला हेही मीच ठरवते. वर्षाच्या बाळाला साधा स्पंज. चार-पाचच्या पोरांना चॉकलेट, म्हणजे तोंडं आणि सोफे एकदमच रंगतात. सातव्याला उबे, जांभळ्या कंदाचा. कॉफीचा पंचविशीनंतर, माणसाने थोडे टक्केटोणपे खाल्ल्यावर.

म्हणून माझ्या बहिणीची मुलगी लिवाय सातव्या वाढदिवसाच्या आधी येऊन मला, तिच्या तिताला, म्हणजे मावशीला, म्हणाली, "तिता, मला कारल्याचा केक कर," तेव्हा मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

"ताप नाहीये मला. कडूच हवाय. कोण्णाला आवडायला नको."

"अगं बये, अख्खी गल्ली येणार. माझं नाव घालवतेस का?"

मग तिने खरं सांगितलं. तिचे बाबा जहाजावर असतात. यंदाही ते पार्टी झाल्यावरच पोचणार होते. आमच्याकडे पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही, पिशव्या घरूनच घेऊन येतो. गेल्या वर्षी फ्रिजमध्ये लपवलेला तुकडाही कुणीतरी नेला होता. बाबांना नुसता पुठ्ठा दिसला.

मला भरून आलं. कारलं काही घातलं नाही, पण साखर नावापुरती आणि कडक काळी कॉफी घालून केक केला.

पार्टीत पोरांनी एकेक घास घेतला आणि थू थू करत पळाली. लिवाय खूश. तेवढ्यात शेजारच्या कोरिंगने चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"अगंबाई! अजिबात गोड नाही गं!"

आमच्या बायकांकडे केकची याहून मोठी स्तुती नाही. मी कपाळावर हात मारला. सगळ्या तुटून पडल्या. "डायबेटिसवाल्यांनाही चालेल!" "माझ्या सासूला एक दे!" पिशव्या फडफडल्या आणि ताट रिकामं झालं. लिवाय ताटाकडे बघत उभी राहिली. रडली नाही, तेच मला बघवेना.

मी दारात आडवी उभी राहिले. "पिशव्या उघडा! तो केक रोमेलचा आहे. पोरीने बापासाठी मुद्दाम कडू मागितला, आणि सटव्यांनो, तुम्ही तोही सोडला नाहीत!"

मग कोरिंगनेच मान खाली घालून पहिला तुकडा परत ठेवला. पाठोपाठ बाकीचे आले, काहींना नूडल्स चिकटलेल्या.

रोमेल आला तेव्हा लिवायने तो ओबडधोबड ढीग त्याच्यापुढे ठेवला आणि समोर बसून राहिली. पहिल्या घासाला त्याचं तोंड वाकडं झालं, पण त्याने कणही सोडला नाही. वर तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी आंब्याचा करू या हं, बाळा."

"तुम्ही आधी या," लिवाय म्हणाली. "मग ठरवू."